शब्द टाकणं

आमच्या घरात 'वशिला' हा शब्द शिवीच्या खालोखाल होता. बाबा भांडुपच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर. पाळी संपवून आले की चहाबरोबर कोण कुणाच्या चिठ्ठीवर चिकटला, कुणाची बदली कुणाच्या फोननं थांबली, याचा पाढा व्हायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "आपण कुणाला शब्द टाकायला सांगत नाही." अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी गल्लीतला एक कार्यकर्ता आपणहून आला होता. साहेबांचं पत्र आणतो म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. माझं नाव तिसऱ्या यादीत लागलं. ते तीन आठवडे मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते, हे त्यांना आठवतं की नाही कोण जाणे. मला आठवतं.

त्यामुळे टीवायला असताना, २०१५च्या पावसाळ्यात, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एका फेलोशिपचा कागद लागला आणि त्यात तीन शिफारसपत्रं मागितलेली दिसली, तेव्हा पहिली धास्ती इंग्रजीची नव्हती की मार्कांची नव्हती. बाबांना काय सांगायचं, ही होती.

फेलोशिपचं नाव लिहीत नाही, त्यावाचून काही अडत नाही. परदेशातल्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण. फी, राहणं-खाणं, विमानाचं तिकीट, सगळं त्यांच्याकडून. फक्त अर्ज थेट करायचा नाही. कॉलेजनं आपली दोन नावं पाठवायची. म्हणजे जगाशी स्पर्धा नंतर, आधी आपल्याच कॉरिडॉरमधल्यांशी.

ही पद्धत आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत १९६८ साली सुरू झालेली वॉटसन फेलोशिप तर ठरावीक कॉलेजांच्याच विद्यार्थ्यांना मिळते, आणि नावं कॉलेजच निवडून देतं. ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी अमेरिकी विद्यार्थ्याला आपल्या संस्थेचं पाठबळाचं पत्र लागतं. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीत आपल्या देशातली नामांकनं सरकार करतं. कारण साधं आहे. हजारो अर्ज वाचायला माणसं कुठून आणणार? मग चाळण आधीच कुणाच्या तरी हातात द्यायची. त्या चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची, हे मात्र ज्याच्या हातात चाळण त्याच्यावर. आमच्या कॉलेजनं भोकं कशी ठेवली होती ते पुढे येईलच.

आम्ही दोघी एका बेंचवरच्या. ती आणि मी. दोघी वनस्पतिशास्त्राच्या, दोघी मध्य रेल्वेच्या, फक्त मी भांडुपची स्लो पकडणारी आणि ती कल्याणहून फास्टनं येणारी. व्हीटीला उतरून (नाव बदलून कितीही वर्षं झाली तरी आमच्या तोंडी व्हीटीच) चालत कॉलेज. विषय तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचा, हे मी नम्रतेनं म्हणत नाही. मायक्रोस्कोपखाली मला हिरवा चिखल दिसायचा तिथे ती पेशीभित्तिका मोजत बसायची. माझ्याकडे काय होतं? खाडी होती.

ठाणे खाडीबद्दल आधी खरं सांगून टाकते. लहानपणी मला तिची लाज वाटायची. बाबा कुठे असतात असं कुणी विचारलं तर "महापालिकेत" एवढंच. मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन असं मी कधी म्हणाले नाही. सुट्टीच्या दिवशी डबा द्यायला जायचे तेव्हा महामार्ग ओलांडल्यावर मिठागरं, मग चिखल, मग तो वास. शनिवार-रविवारी दुर्बिणी घेऊन गाडीतून माणसं यायची, पक्षी बघायला. आमच्या नाकाला रुमाल आणि त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण, याचं मला फार हसू यायचं. एसवायला असताना एका प्रोजेक्टपायी मी त्याच चिखलात उतरले आणि मग बाहेर निघालेच नाही. तिवराचं पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण ते झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण जिभेला लागल्यावर ते निराळंच कळलं. चिखलातून पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी वर आलेली श्वसनमुळं, त्यांच्यामधून पोटावर सरकणाऱ्या निवट्या, चिखलातले ते मासे. दहा मिनिटं हललं नाही तर निवटी पायाशी येऊन बघते.

तर अर्ज. एक हजार शब्दांचं निवेदन, ज्याला आता सगळे एसओपी म्हणतात. माझा पहिला खर्डा इंग्रजीत होता आणि लहानपणापासून मला निसर्गाची किती ओढ होती, अशा थाटात सुरू होत होता. वर्गातल्या नऊ जणांचे खर्डे मी नंतर पाहिले, सात जणांना लहानपणापासून ओढ होती.

मग पत्रं. मुंबईच्या कॉलेजांत शिकलेल्या कुणालाही पुढचं नवल वाटणार नाही. पहिल्या मॅडमकडे गेले तर त्या पेपर तपासता तपासता म्हणाल्या, "तूच लिहून आण गं, मी लेटरहेडवर सही करते." दुसऱ्या सरांनी तर आदल्या वर्षीच्या कुणाचं तरी पत्र पेनड्राइव्हवर दिलं, नाव बदलून घे म्हणाले. त्यात एका ठिकाणी 'ही'च्या जागी 'हा' राहून गेला होता, तो मी शेवटच्या क्षणी पकडला. मी घरी बसून स्वतःविषयी तिसऱ्या पुरुषात लिहायला लागले. मी तिला तीन वर्षं ओळखते. ती अत्यंत कष्टाळू आहे. आपल्याकडे स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याला मूर्खांच्या यादीत बसवतात, आणि मी रात्री अकरा वाजता आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर बसून नेमकं तेच करत होते, वर दुसऱ्याच्या नावानं. 'अत्यंत' खोडून 'बऱ्यापैकी' केलं, मग परत 'अत्यंत'.

तिसरे सर वेगळे निघाले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, लॅबमध्ये पंखा बंद करून बसणारे, कारण पंख्यानं हर्बेरियमचे, म्हणजे वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचे, कागद उडतात. ते म्हणाले, "पत्र मी लिहीन. तू मला तुझी डायरी दे. आणि जिथे तू चुकलीस ते पान दुमडून दे."

चुकलेलं पान शोधायला लागलं नाही. खाडीत तिवराची रोपं मोजायला मी एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखले होते, पीव्हीसी पाइपचे, बारा. पंधरा दिवसांनी गेले तर पाच चौकोन गायब. मी डायरीत ठणकावून लिहिलं होतं की, कुणीतरी पाइप चोरले. प्रत्यक्षात मी चौकोन लावले अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही. पुनवेचं उधाण आलं आणि त्यानं माझे पाइप अलगद उचलून नेले. हे मला एका कोळीकाकांनी सांगितलं. होडी ओढता ओढता म्हणाले, "अष्टमीला येऊन खाडी बघितलीस होय? पुनवेला ये, मग बोल." पुढच्या पानावर मी तिथीप्रमाणे तक्ता आखला होता.

सरांनी ते पान वाचलं, हसले, आणि माझ्या एसओपीचा खर्डा न वाचताच परत दिला. "हे आधी मराठीत लिही. मराठीत तुला खोटं बोलताना लाज वाटेल." मी मराठीत लिहिलं. त्यात वास आला, डबा आला, 'महापालिकेत' म्हणून थांबणारी मुलगी आली, उधाणानं नेलेले पाच चौकोन आले. मग त्याचं इंग्रजी केलं. भाषा ओबडधोबड झाली, पण त्या हजार शब्दांत ओढ हा शब्द उरला नाही.

सरांचं पत्र मला दिसलं नाही. त्यांनी ते पाकिटात घालून, चिकटवून, जोडावर आडवी सही केली आणि वर पारदर्शक टेप लावली. मी लोकलमध्ये ते पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं होतं, हे कबूल करते. काही दिसलं नाही.

कागदपत्रांच्या धावपळीवर फार लिहीत नाही. सहा सेमिस्टरांपैकी झालेल्या चारच्या मार्कशीटच्या अटेस्टेड झेरॉक्स, बोनाफाईड, प्रिन्सिपलचा गोल शिक्का, आणि ऑफिसच्या खिडकीत लंच टाइमची पाटी. शिपाईमामा होते म्हणून निभावलं.

बाबांना मी शेवटी सांगितलं ते गणपतीच्या तयारीत. ते मखराला पुठ्ठा कापत होते. तीन जणांनी माझ्यासाठी पत्रं दिली म्हटल्यावर कात्री थांबली. "म्हणजे शब्द टाकायला सांगितलास."

मी तयारीनं आले होते. कॉलेजच्या त्या भागात रोज ये-जा करताना वाचलेलं, ऐकलेलं सगळं त्यांच्यापुढे मांडलं. बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महिना २५ रुपयांवर. ते पैसे असेच चालून आले नव्हते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी पाहिलं, त्याला हाताशी धरलं, आणि पुढे महाराजांच्या कानावर त्याचं नाव घातलं. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला, म्हणून. मग १९१३ साली त्याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची चाकरी करण्याचा करार. हा काय वशिला म्हणायचा?

बाबा बराच वेळ पुठ्ठा कापत राहिले. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो कुठे आहे आणि गणपती कुठे बसतो यावर एक वेगळा लेख होईल, तो पुन्हा कधी. मग म्हणाले, "केळुसकर आपल्या पायानं गेले. भीमराव सांगायला गेले नव्हते, माझ्यासाठी जा म्हणून." आणि थोड्या वेळानं, "तुझ्या सरांनी आपणहून दिलं की तू मागितलंस?"

मी मागितलं होतं.

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. वशिला आणि शिफारस यांत फरक काय, हे सांगायला बसलं की सोपं वाटतं. वशिला तुम्ही कुणाचे आहात ते सांगतो, शिफारस तुम्ही काय केलंत ते. पण त्या डायरीचं पान दुमडून मागणाऱ्या सरांपर्यंत पोचायला मी त्यांच्या लॅबमध्ये बसलेली असायला हवी होते, आणि लॅबमध्ये बसायला संध्याकाळचे दोन तास मोकळे हवेत. ते मला होते. कल्याणला परत जाऊन आजारी आईचा स्वयंपाक करणाऱ्या माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीला नव्हते. म्हणून सर तिला फक्त हजेरीपटावरून ओळखत.

आता त्या चाळणीविषयी.

आमच्या नोटिशीत एक ओळ होती: उमेदवाराला पदवीच्या कोणत्याही सेमिस्टरमध्ये एटीकेटी लागलेली नसावी. मुंबई विद्यापीठातून शिकलेल्यांना एटीकेटी सांगायला नको. इतरांसाठी एवढंच की एखाद्या विषयात गचकलात तरी पुढच्या वर्गात जाता येतं, तो विषय नंतर सोडवायचा. तिला दुसऱ्या सेमिस्टरला रसायनशास्त्रात लागली होती. त्या आठवड्यात तिची आई सायन हॉस्पिटलला होती. पुढच्या परीक्षेत तिनं तो विषय चांगल्या मार्कांनी काढला, पण मार्कशीटवरची खूण जात नाही. नोटीस वाचून ती म्हणाली, "चला, माझं काम वाचलं," आणि कॅन्टीनकडे वळली. मी तिच्या मागून गेले. आम्ही वडापाव खाल्ला आणि दुसऱ्याच कशावर तरी बोललो.

मग एका रात्री, स्वतःची स्तुती लिहायचा कंटाळा आला म्हणून, मी सायबर कॅफेत फेलोशिपचं मूळ पत्रक उतरवून घेतलं होतं ते वाचायला काढलं. नऊ पानं. त्यात एटीकेटी सोडा, कोणत्याही विषयात नापास झालेलं चालणार नाही असं कुठेच नव्हतं. उलट एक परिच्छेद होता की, अर्जदाराच्या शैक्षणिक वाटचालीत अडथळे आले असतील तर कॉलेजनं आपल्या पत्रात ते समजावून सांगावेत. समजावून सांगावेत! एटीकेटीची ओळ आमच्या कॉलेजनं घातली होती. दुष्टपणानं नव्हे, बहुधा अर्ज कमी यावेत म्हणून.

मी ते पत्रक घडी घालून बॅगेत ठेवलं.

समितीपुढे मी गेले तेव्हा ते बॅगेतच होतं. तीन जण होते. परत येशील का, असं एकानं विचारलं. खाडी इथे आहे तर जाऊन काय करणार, असं दुसऱ्यानं. दुसरा प्रश्न बरोबर होता आणि मी त्याचं उत्तर बरं दिलं. शेवटी, उठता उठता, अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "प्रक्रियेबद्दल काही सांगायचंय का तुला?" सगळ्यांना विचारत असाव्यात, चहा घेणार का, या सुरात. माझा हात बॅगेच्या चेनवर होता. दोनच जागा होत्या. एक अर्थशास्त्राच्या एका मुलाची ठरल्यासारखीच होती. माझी बेंचवरची मैत्रीण आत आली असती तर मी तिसरी होते, हे मला आकडेमोड न करता ठाऊक होतं. मी "नाही मॅडम, थँक यू" म्हणाले.

बाबांचं वाक्य तेव्हा डोक्यात आलं होतं, हे लिहायला हवं. आपण कुणाला शब्द टाकायला सांगत नाही. पण दुसऱ्यासाठी आपण टाकायचा की नाही, याबद्दल त्या वाक्यात काही नाही. मी ते सोयीनं वापरलं.

कॉलेजनं माझं नाव पाठवलं. आईनं शेजारी पेढे दिले, निकालाच्या आधीच, आणि बाबांनी पंपिंग स्टेशनवर कुणाला सांगितलं नाही. फेब्रुवारीत दोन ओळींचा ईमेल आला, खेद वाटतो. अर्थशास्त्राच्या मुलालाही तोच आला. मी कलिन्याला, विद्यापीठात, एमएस्सी केलं, नेट काढली, आता एका कॉलेजात शिकवते. ज्या वर्षी आमचा हा सगळा खटाटोप चालू होता त्याच वर्षी ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता, आणि २०२२मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. म्हणजे खाडीचं नामांकन माझ्यापेक्षा बरं लागलं.

आता मुली माझ्याकडे पत्र मागायला येतात. मी त्यांना लिहून आणायला सांगत नाही. चुकलेलं पान मागते, सरांची नक्कल. लाजत का होईना पान आणून देतात. पण न येणाऱ्यांचं काय करायचं, ते मला जमलेलं नाही. वर्गात मागच्या बाकावर बसून पावणेपाचची लोकल पकडायला पळणारी जी असते तिला जिन्यात गाठून, "तू अर्ज कर" असं मी दोनदा म्हणाले आहे. एकदा मुलगी घाबरली. एकदा म्हणाली, "बघते मॅडम," आणि बघितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रावर गेले होते, फ्लेमिंगोंच्या बोटीसाठी. तिकीट खिडकीपाशी ती भेटली. पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या एका कंपनीत आहे, पुलांच्या आणि रस्त्यांच्या कामाआधी खारफुटीची मोजदाद करते. हाताशी जीपीएस, गुडघ्यापर्यंत गमबूट. मी केली त्याच्या शंभरपट रोपं तिनं मोजली असतील. तिची आई बरी आहे. आम्ही कठड्याला टेकून बोललो, आणि इतक्या वर्षांनी, का कुणास ठाऊक, मी ते पत्रकाचं सांगून टाकलं. नऊ पानं, तो परिच्छेद, बॅगेची चेन, सगळं.

ती पाण्याकडे बघत होती. "मला माहीत होतं," म्हणाली. "मी पण वाचलं होतं ते. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर."

"मग विचारलं का नाहीस?"

"कुणाला?"

बोटवाल्यानं हाक मारली. भरती लागली होती; तिला पलीकडच्या काठावर अजून चार चौकोन मोजायचे होते, आणि माझी पोरं लाइफ जॅकेटं उलटी घालून रांगेत उभी होती.